‘शिकण्याच्या त्रिकोणा’तल्या टक्केवारीबद्दल खुलासा

कोल्हापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक रंगीत त्रिकोण फिरतोय: वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, स्वतः केलेलं ९० टक्के. खाली नाव अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं.

हे आकडे डेल यांचे नाहीत. १९४६ साली त्यांनी अनुभवांचा शंकू मांडला, म्हणजे तळाशी प्रत्यक्ष अनुभव आणि टोकाला नुसते शब्द अशी शिकण्याच्या प्रकारांची आकृती. त्यात एकही टक्केवारी नव्हती. ती नंतर चिकटवली गेली, आणि तिच्यामागचं मूळ संशोधन कुणालाच दाखवता आलेलं नाही. किती लक्षात राहतं हे विषयावर, आधीच्या माहितीवर आणि किती दिवसांनी विचारलं यावर ठरतं.

म्हणून हाताने शिकणं खोटं ठरत नाही. विज्ञान, अभियांत्रिकी, गणिताच्या २२५ अभ्यासांचा २०१४ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्यांचं नापासाचं प्रमाण वर्गात प्रत्यक्ष सहभागी होणाऱ्यांच्या दीडपट निघालं. आजच्या मुलांना माहिती मोबाईलवर मिळतेच, त्यांना हवं असतं ते करून बघणं. गुऱ्हाळावर उकळत्या काहिलीत भेंडीचं पाणी पडलं की मळी वर येते, ती काढली की रस नितळ दिसतो. हे पाहिलेलं पोर विचारतं, मळीच का वर आली? उत्तरासाठी मग पुस्तकच उघडावं लागतं. त्या त्रिकोणात वाचनालाच सगळ्यात कमी किंमत आहे, आणि मला खरा धोका तिथे वाटतो.

कृपया तो त्रिकोण पुढे पाठवू नका. ग्रुपवर आलाच, तर त्याखाली हा खुलासा टाका. शाळेच्या माहितीपत्रकात छापला असेल, तर मुख्याध्यापकांना भेटून सांगा.