चौदा-पंधराची भानगड

आमच्या घरात माझी पत कॉम्प्युटरच्या पडद्यावरून ठरते. पडद्यावर रंगीत ठोकळे दिसले, की "बसलाच आहात तर माळा आवरा." काळ्या पडद्यावर हिरवी-पिवळी अक्षरं दिसली, की सगळे हळू बोलायला लागतात आणि चहा येतो. ती अक्षरं तेच ठोकळे हलवण्यासाठी आहेत, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नोकरीने मी हिशेबनीस. प्रोग्रामिंग निव्वळ हौस.

ब्राउझरमधल्या कोड्यांनी फार घरं बुडवली. '२०४८' हा खेळ गॅब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या इटालियन पोराने २०१४ मध्ये एका शनिवार-रविवारात लिहिला. बाकीच्या जगाचे पुढचे शनिवार-रविवार त्यात गेले. मला मात्र खेळण्यापेक्षा खेळ लिहायला आवडतो. जिंकायची जबाबदारी नसते.

तर मी पंधरा ठोकळ्यांचं ते जत्रेतलं कोडं ब्राउझरमध्ये बनवलं. सोळा घरं, पंधरा आकडे, एक घर रिकामं. शेजारचा ठोकळा रिकाम्या घरात सरकवत आकडे ओळीने लावायचे. ते बघून आमचे नाना (सख्खे काका, निवृत्त, सर्वज्ञ) म्हणाले, "हे? हे आम्ही मधल्या सुट्टीत सोडवायचो."

झालं. मी नानांसाठी खास मांडणी केली. सगळे आकडे जागच्या जागी, फक्त १४ आणि १५ची अदलाबदल. लिंक पाठवली आणि कळवलं, "नाना, दोनच राहिलेत. पूर्वी यावर हजार डॉलर बक्षीस होतं."

होतंच. १८८० मध्ये या कोड्याने अमेरिकेला वेड लावलं होतं. सॅम लॉइड या कोडेबहाद्दराने पुढे नेमक्या याच मांडणीवर ते बक्षीस लावलं, आणि वर कोडं आपणच शोधल्याची थापही मारली. पैसे बुडायची भीती नव्हती. ही मांडणी सुटत नाही, हे १८७९ मध्येच गणिताने सिद्ध झालं होतं. रिकामं घर फिरून मूळ कोपऱ्यात आणायचं तर चाली सम संख्येतच होतात. दोनच ठोकळ्यांची अदलाबदल मात्र विषम मागते. सोळा घरांच्या सुमारे २१ लाख कोटी मांडण्यांपैकी बरोबर निम्म्या अशाच जन्मजात न सुटणाऱ्या. ज्या सुटतात, त्यातली सर्वांत अवघडही ८० चालींत सुटते. मी नानांना अर्थातच दुसऱ्या निम्म्यात बसवलं होतं.

दुपारी नानांचा फोन. "तुझ्या कोडमध्ये खोट आहे."

"नाही हो नाना. शांतपणे बघा."

संध्याकाळी काकूंचा. "अहो जेवले नाहीत रे. ते काय पाठवलंयस, ते काढून घे." मला थोडं वाईट वाटलं. थोडंच. मधल्या सुट्टीचा हिशेब चुकता व्हायचा होता.

रात्री व्हॉट्सॲपवर फोटो आला. एक ते पंधरा, ओळीने, एकही इकडचा तिकडे नाही. दीडशे वर्षांचं गणित मोडीत निघालेलं बघून मी ताबडतोब फोन केला.

"सोपं होतं," नाना म्हणाले. "सातवीतल्या नातवाला बसवला. त्याने एफ-१२ दाबलं. तुझा कोड उघडला, १४च्या जागी १५ लिहिलं, १५च्या जागी १४. आम्हीसुद्धा ठोकळे नखाने उचकटूनच लावायचो."

"नाना, ही लबाडी झाली!"

"ते राहू दे. हजार डॉलर आजच्या भावाने किती होतात, तेवढं सांग. हिशेबनीस ना तू?"