नदीकाठी पार्टीचं होस्टेल काढणाऱ्यांसाठी थोडं मार्गदर्शन

पैठणच्या खाली गोदावरीकाठी तुमची दोन-चार एकर जमीन असेल आणि कापूस लावून लावून कंटाळा आला असेल, तर अभिनंदन. होस्टेल काढा. बंक बेड टाका, बांबूचं फाटक करा, लिंबाच्या झाडाला दिव्यांच्या माळा गुंडाळा आणि इन्स्टाग्रामवर पेज उघडा. बाकीचं आम्ही गावकरी सोसतोच. परवाच्या शनिवारी पलीकडच्या काठावरच्या अशाच एका होस्टेलचा डीजे पहाटेपर्यंत सोसला, म्हणून चार शब्द सांगायचा अधिकार आम्हाला आहे असं धरून चालतो.

नावात 'रिव्हर' आणि 'वाइब' आलं की पाटी तयार.

प्रेरणा हवी असेल तर लाओसमधलं वांग व्हिएंग आहे. तिथे नाम सोंग नदीच्या काठी असेच बार होते. पाहुणे टायरच्या ट्यूबवर बसायचे आणि एका बारवरून दुसऱ्या बारवर वाहत जायचे. पुढे माणसं मेली, गवगवा झाला आणि २०१२ साली तिथल्या सरकारने काठावरचे बार बंद केले. पैसे लावणाऱ्या मेव्हण्याला गोष्ट सांगताना ट्यूबपर्यंतच सांगा. आपल्याकडे ट्यूबची सोय तशीही नाही, उन्हाळ्यात बंधाऱ्यात ट्यूब तरंगण्याइतकं पाणी कुठं असतं?

जेवणाकडे मात्र बारीक लक्ष द्या. मेनूवर 'अस्सल मराठवाडी' लिहा आणि पहिल्या ओळीत पनीर बटर मसाला ठेवा. येसर आमटीत टोमॅटो प्युरी चालते, विचारणारं कोण आहे? ठेचा मिक्सरमधून काढा, वरवंट्याला हात लावला तर शेफची नखं खराब होतात. ज्वारीचा कोवळा हुरडा वर्षभर ठेवा. सुरती हुरडा दोन महिन्यांचा पाहुणा असतो, कणीस चिकात असताना पहाटे तोडावं लागतं, गोवऱ्यांच्या आगटीत भाजून गरम गरम चोळून तिथल्या तिथं खावं लागतं, नाहीतर त्याची गोडी जाते, हे सगळं आमच्या म्हाताऱ्यांचं म्हणणं झालं. तुमच्याकडे डीप फ्रीजर आहे. मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत, आगटीच्या जागी गॅसची शेगडी ठेवून 'हुरडा नाइट' करा.

भाकरीसाठी गावातलीच बाई लावा. ती रोज गोल साडीत असते, पण तुमच्याकडे तिला नऊवारी नेसायला लावा. परातीत पीठ मळून ती भाकरी थापेल, तव्यावर टाकेल, वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवेल, उलटून जाळावर धरेल आणि भाकरी टम्म फुगेल. तेवढ्यात कोणीतरी म्हणेल, "आंटी, वन्स मोअर, व्हिडिओ नीट आला नाही." भाकरी परत फुगवता येत नाही हे तिनं सांगू नये, तिला हजेरी मिळते. पाहुणे त्या भाकरीचा चतकोर मोडतील आणि हक्का नूडल्स मागवतील.

उरलेल्या पत्रावळ्या नदीत. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण नदी वाहती आहे आणि खाली गंगाखेडचे लोक आहेत.

आता मुख्य मुद्दा, डीजे. स्पीकर नदीकडे तोंड करून लावा, म्हणजे गावाला त्रास नाही, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. रात्री नदीवरची हवा खाली गार आणि वर कोमट असते, त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून परत जमिनीवर येतो आणि पाण्यावरून थेट पलीकडच्या गावात जाऊन उतरतो. त्यातून तुमचा तो बेस. पन्नास हर्ट्झची लाट जवळपास सात मीटर लांबीची असते, तिला आमच्या पत्र्याच्या घराची भिंत अडवणार? गाणं ऐकू येत नाही, नुसतं धप धप धप धप, मिनिटाला सव्वाशे वेळा, आणि पत्रा थरथरतो, कपाटातली ताटं वाजतात, माझी आई उठून बसते आणि म्हणते, "कोण दार वाजवायलंय बघ."

आणि आम्ही झोपलेलो असतो असं समजू नका. शेतीची लाईट रात्रपाळीला होती. (दिवसा लाईट देणार आहेत, ऐकतोय.) मी गव्हाला दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यात वळवायला उभा होतो. ज्यानं रात्री दारं धरलं त्याला माहीत आहे, नदीवरच्या मोटारीवर डोळा ठेवता येत नाही, कान ठेवावा लागतो. नदीतल्या पाइपाच्या तोंडाशी, फुटव्हॉल्व्हपाशी पाणी सरकलं, मोटार पाणी ओढायची थांबून कोरडी फिरायला लागली, की तिचा आवाज बारीक होतो, चिरका होतो. पाटात पाणी थोडा वेळ वाहतच असतं, म्हणून डोळ्यांच्या आधी कानाला कळतं आणि माणूस धावत जाऊन स्टार्टर पाडून मोटार बंद करतो. परवा कानाला काय कळणार? तुमच्या डीजेनं 'मेक सम नॉइज' म्हणून ओरडायचं आणि पोरांनी ओरडायचं. पाट आटला तेव्हा मला समजलं. पळत गेलो तर सील जळल्याचा वास, मोटार हात लावू देईना. गहू अर्धा कोरडा राहिला. पलीकडे लेसर आकाशात फिरत होते, फार सुंदर दिसत होते.

पुढची शाखा वर जायकवाडी धरणाच्या नाथसागरावर काढा, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, रोहित पक्ष्यांनाही लेसर बघू द्या.

तक्रारीची काळजी करू नका. पोलिसांना ११२ ला फोन लावला की आधी आमचंच नाव, गाव विचारतात. गाडी आली, फाटकातून आत गेली, आवाज बसला, गाडी परत गेली, आवाज उठला. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. सकाळी विचारलं तर म्हणे आवाज मोजायचं मशीन नव्हतं.

कसलं मशीन? २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सणासुदीसाठी सरकार वर्षात फार तर पंधरा दिवस सूट देतं, तीही बारापर्यंत. कुणाच्या तरी बर्थडेला पहाटे तीनपर्यंत नाही. दहानंतर वाजत असेल तर वाजतंय, एवढंच बघायचं असतं आणि त्याला कान पुरतात.

तुम्ही म्हणाल, गावच्या वरातीत डीजे नसतो का? असतो, आणि त्या नवरदेवाच्या बापाला मी तोंडावर बोललोय. त्यानं तुमचं माफ होत नाही.

अरे, लाज वाटत नाही का? आमच्या ज्वारीचा, आमच्या भाकरीचा, आमच्या नदीचा फोटो विकायचा आणि आमचा माणूस फाटकावर आवाज कमी करा म्हणून सांगायला आला की त्याच्यावर कुत्रं सोडायचं? स्पीकर आत घ्या, दारं-खिडक्या बंद करा आणि दहाला बंद करा. त्या बाईला तिच्या साडीत काम करू द्या आणि पैसे रोजच्या रोज द्या. आणि रविवारी सकाळी, पाहुणे झोपलेले असताना, स्वतः उतरून काठावरच्या बाटल्यांच्या काचा वेचा. तिथं म्हशी पाण्यात उतरतात. आमच्या एका म्हशीच्या खुरात काच रुतलीय, जनावरांच्या डॉक्टरचं आणि मोटारवाल्याचं, दोन्ही बिलं माझ्याकडे आहेत. फाटकावर कुणाच्या हातात द्यायची तेवढं कळवा.