विमान धावपट्टीबाहेर गेलं की दोष ब्रेकलाच का?

छोटं खासगी विमान उतरताना धावपट्टी संपवून पुढच्या गवतात किंवा कुंपणात घुसलं आणि त्याचा व्हिडिओ आला, की सोबत एक ठरलेला मजकूर फिरू लागतो. 'ब्रेक फेल झाले, दुसरं काय! एवढ्याशा विमानाला थांबायला जागा लागते किती? आणि थांबत नाही हे दिसत होतं, तर पायलटने पुन्हा उडवायचं होतं.' तिन्ही वाक्यं ऐकताक्षणी पटतात. मला ती घातक वाटतात, कारण उद्या अशाच विमानात मागच्या सीटवर बसणारा माणूस हेच डोक्यात घेऊन बसतो.

आधी ब्रेक. ते निकामी होतात, हायड्रॉलिक गळतं, टायर फुटतात, हे नाकारायचं कारण नाही. पण इंग्लंडमधल्या ब्लॅकबुश विमानतळावरचा ३१ जुलै २०१५ चा अपघात बघा. फेनम ३०० जातीचं खासगी जेट धावपट्टीच्या टोकापलीकडे मातीच्या बांधाला धडकलं आणि शेजारी उभ्या असलेल्या गाड्यांवर जाऊन आदळलं. विमानातले चौघेही गेले. हवा चांगली होती, तपासात विमानात बिघाड सापडला नाही. धावपट्टीच्या सुरुवातीवरून जाताना वेग १०८ नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) आसपास हवा होता, तो जवळपास १५१ होता. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ब्रेकना जिरवायची ऊर्जा जवळजवळ दुप्पट झाली. चाकं टेकली तेव्हा पुढे सुमारे ४३८ मीटर पक्की धावपट्टी शिल्लक होती. त्या वेगाला तेवढ्यात कुठलेही ब्रेक पुरले नसते. जवळच्या दुसऱ्या विमानामुळे आलेले इशारे आणि त्यामागोमाग वाजत राहिलेल्या इतर सूचना यांत वैमानिकाचं मन इतकं व्यापलं असावं, की उतरायचा बेत सोडून देणं त्याला सुचलं नाही, अशी शक्यता तपास अहवालात नोंदवली आहे. हा अपघात ठरला तो हवेत, आणि 'ब्रेक फेल' म्हटलं की नेमकं तेच झाकलं जातं.

जादा वेगाने आलेलं विमान जमिनीलगत कसं वागतं, हेही पाहायला हवं. वैमानिक नाक उचलतो, चाकं जमिनीपासून हात-दीड हातावर असतात आणि विमान खाली बसतच नाही. जमिनीच्या इतक्या जवळ पंखांवरचा अवरोध कमी होतो, म्हणून ते तरंगत राहतं. ६० नॉट म्हणजे सेकंदाला ३१ मीटर. पाच सेकंद तरंगलं तर दीडशे मीटर धावपट्टी ब्रेकला हात लागायच्या आतच गेली. टेकल्यावरही लगेच ब्रेक लागत नाहीत. पंख अजून वजन उचलून धरत असतात आणि चाकांवर भार कमी असतो. अशा वेळी जोरात दाबले तर चाकं अडकून नुसती घसरतात. बऱ्याच छोट्या विमानांत त्यावर उपाय म्हणून अँटिस्किड (चाकं अडकू न देणारी) यंत्रणाही नसते. व्हिडिओतला धूर आणि काळे पट्टे बघून 'ब्रेक लागलेच नाहीत' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: ते पट्टे ब्रेक लागल्याचेच आहेत.

आता 'एवढ्याशा विमानाला जागा किती लागते'. छोट्या पिस्टन विमानाला रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा जोर उलटा वळवून वेग कमी करायची सोय, नसतो, अनेक छोट्या जेटनाही नसतो. ६० नॉटने येणाऱ्या विमानाला समोरून १० नॉट वारा असेल तर जमिनीवरचा वेग ५०. तोच वारा पाठीमागून असेल तर ७०. वर्ग करून बघा, जमिनीवरची धाव जवळजवळ दुप्पट होते, आणि तेही विमान, वैमानिक, धावपट्टी सगळं तेच असताना. पाणी साचलेलं असेल तर ३० पीएसआय हवेच्या दाबाचा टायर साधारण ४९ नॉटच्या वर पाण्यावर तरंगू शकतो, तिथे ब्रेक असून नसल्यासारखे. हलकेपणाने यातून सुटका नाही.

याहून मोठी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. विमानाच्या पुस्तिकेतलं लँडिंगचं अंतर हे चाचणीचं अंतर असतं: धावपट्टीच्या सुरुवातीवर ५० फूट उंची, अचूक वेग, चांगले ब्रेक. म्हणून अमेरिकेत आणि युरोपात व्यावसायिक जेटला गणिताने उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्क्यांत थांबता आलं पाहिजे, असा नियम आहे. मालक स्वतःच्या कामासाठी खासगी उड्डाण करतो तेव्हा अमेरिकेत तो नियम लागू होत नाही. ही राखीव जागा वैमानिकाने स्वतः ठेवायची असते.

तिसरं वाक्य सगळ्यात वाईट. ३१ जुलै २००८ रोजी अमेरिकेत मिनेसोटातल्या ओवाटोना इथे हॉकर ८०० जातीचं चार्टर जेट उतरलं, ब्रेक लावले, आणि थांबणार नाही असं वाटल्यावर कॅप्टनने उशिरा पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न केला. पुढे पुरेशी धावपट्टी उरली नव्हती. आठही जण मृत्युमुखी पडले. तपासाने मुख्य कारण म्हणून हाच उशिराचा निर्णय नोंदवला. अर्धा वेग गेल्यावर विमान पुन्हा उडवणं म्हणजे टोकाशी कमी वेगाने होणारी धडक सोडून जास्त वेगाची धडक पत्करणं. धावपट्टी संपणारच असेल, तर सरळ दिशेने, ब्रेक धरून, होईल तितका वेग कमी करून बाहेर जाण्यात जगण्याची आशा जास्त असते.

पुन्हा वर जायचं ते आधी. धावपट्टीच्या पहिल्या एक तृतीयांशात चाकं टेकली नाहीत तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं, ही वैमानिकांची जुनी रीत आहे. ती मोडते ती बहुतेकदा लाजेपोटी किंवा मागे बसलेल्या माणसाच्या घाईपोटी. खासगी विमानात तो माणूस पुष्कळदा विमानाचा मालक असतो आणि त्याची बैठक तासाभरावर आलेली असते. त्याने निघण्याआधीच 'वर जावं लागलं तर बेलाशक जा, दुसरीकडे उतरलो तरी चालेल' असं सांगून ठेवावं. आणि इंजिनं एकदम गरजून विमान परत चढू लागलं, तर 'का नाही उतरलो' हे त्या क्षणी विचारू नये. नाक, फ्लॅप, चाकं, रेडिओ, सगळं वैमानिकाला तेव्हाच एकत्र सांभाळायचं असतं.