पेट्रोल भाऊंचं, सीट आपली

अपडाऊन करणाऱ्या समस्त नोकरदार बंधू-भगिनींनो, तुम्ही यवतमाळहून आर्णीकडे जात असा की वर्ध्याहून आर्वीकडे, स्वतःची गाडी काढायचा गाढवपणा करू नका. गाडी दुसऱ्याची असावी, आपण सीट धरावी. ती कशी धरावी, कशी टिकवावी आणि शेवटी फुकटात कशी पाडून घ्यावी, याचं संपूर्ण शिक्षण गेल्या आठवड्यात मला माझ्याच गाडीत मिळालं. ज्ञान वाटल्याने वाढतं म्हणतात, म्हणून वाटून राहिलो.

सुरुवात गोड असावी. २०२१ च्या दिवाळीच्या आसपास एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला, तेव्हा काळी-पिवळीवाले टपावर तेवढं बसवायचे बाकी होते. अशा वेळी गाडीवाला शोधा, त्याला देवमाणूस म्हणा, पेट्रोलचे पैसे महिना सुरू व्हायच्या आधीच हातात ठेवा. त्याच्या पोराच्या वाढदिवसाला कंपासपेटीसुद्धा न्या. एकदा का सीट तुमच्या नावावर चढली की मग सातबारा झाला समजा.

ठरलेल्या चौकात ठरलेल्या वेळी उभं राहणं हे नवशिक्यांचं काम. फोन आला की 'निघून राहिलो ना भाऊ' म्हणावं आणि आंघोळीला जावं. बाकीचे चौघं गाडीत बसून घड्याळ पाहतील, बायोमेट्रिकवर त्यांचा अंगठा उशिरा लागेल, तो त्यांचा प्रश्न. आल्यावर दार जोरात आपटावं आणि 'आज काऊन लवकर निघाले बाप्पा?' असं आपणच विचारावं.

मागच्या सीटचा बेल्ट लावू नये. १००० रुपयांचं चलान गाडीच्या नंबरवर येतं, तुमच्या नाही.

एसी मे महिन्यात मागावा, एसीच्या पेट्रोलचा विषय निघाला की झोपावं.

डिकी ही सामाईक मालमत्ता आहे. तुमची शेती आहे, पेरणी तोंडावर आहे, कृषी केंद्रात डीएपी आलेलं आहे. मग ५० किलोची बॅग काही डोक्यावर नेणार का? गाडी दुकानासमोर थांबवा, 'दोनच बॅगा आहे जी' म्हणा आणि चार टाका. डिकीत दोन मावतात, उरलेल्या दोन मागे बसलेल्या मॅडमच्या पायाशी. घरी जाईपर्यंत त्या गुडघे हनुवटीला लावून बसल्या तरी चालतं, खत महत्त्वाचं. पुढचे आठ दिवस गाडीत गालिच्यावर ते करडे दाणे चुरचुरत राहतात. त्यावर चुकूनही बोलू नये.

आता पैसे. हा खरा अभ्यासक्रम.

महिन्याच्या एक तारखेला ग्रुपवर मेसेज पडतो. तो वाचावा, निळी टिक जाऊ द्यावी, खाली 'शुभ सकाळ'चं फूल टाकावं. पाच तारखेला आठवण आली तर 'पगार नाही झाला' म्हणावं. आपल्याकडे हे कारण बाराही महिने खरं वाटतं. दहा तारखेला 'मी चार दिवस रजेवर होतो, तेवढे कापा' म्हणावं. गाडी त्या चार दिवशी तुमची रिकामी सीट घेऊन तेवढंच पेट्रोल पिऊन आली, हा मुद्दा गणिताच्या शिक्षकालाही समजत नाही, मी विचारून पाहिलं आहे. मॅडम लोकांसाठी वेगळा मार्ग आहे: 'मार्च २०२३ पासून एसटीत आम्हाला हाफ तिकीट आहे, तुमच्याच गाडीत काऊन फुल?' मॅडम, एसटीची उरलेली अर्धी रक्कम सरकार भरते. माझी कोण भरते?

आणि तरीही गाडीवाला चिवट निघालाच, तर शेवटचं अस्त्र. तीन महिन्यांची थकबाकी असलेल्या एका सरांनी ते मागच्या मंगळवारी माझ्यावर चालवलं. नाक्यावर चहा पिता पिता, सगळ्यांसमोर, हसत: 'भाऊ, पांढऱ्या पाटीवर पैसे घेणं बेकायदेशीर असते म्हणते. आरटीओनं पकडलं त फसान ना!'

चहा त्यांचा मीच पाजत होतो.

सर, कायदा मलाही माहीत आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा, कलम ६६. खासगी गाडी भाड्याने चालवायची तर परवाना लागतो, पिवळी पाटी लागते, आणि भाड्याने माणसं नेताना अपघात झाला तर खासगी गाडीचा विमा हात वर करतो. म्हणून तर मी भाडं घेत नाही. पेट्रोल वाटून घेतो, तेही माझा वाटा माझ्या खिशातून घालून. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. गाडी सतरा-अठराचं अॅव्हरेज देते, म्हणजे सहा लिटरच्या आत-बाहेर. पेट्रोल शंभरीच्या वर जाऊन किती वर्षं झाली ते तुम्हीच सांगा. सहाशे रुपये, पाच माणसं, माणशी एकशेवीस. यात टायर नाही, सर्व्हिसिंग नाही, विमा नाही. डांबर संपल्यावरच्या त्या रस्त्याने दर पावसाळ्यात खालून जे निघून पडतं ते नाही. नफ्याचा धंदा म्हणतात तो हाच का?

आणि कायदा कोणाला आठवला? ज्यांच्या फाईलला 'मुख्यालयी राहतात', म्हणजे नोकरीच्या गावीच मुक्काम करतात, असा ग्रामसभेचा ठराव लावलेला आहे त्यांना! ठरावाबद्दल मी जास्त बोलत नाही, त्या दगडाखाली गाडीतल्या पाचही जणांचे हात आहेत. पण मग आरटीओचं नाव काढायच्या आधी माणसाने जीभ चावावी की नाही?

पुरे झाला उपरोध. लाज वाटली पाहिजे. तुम्हाला पगार कमी नाही. सातव्या वेतन आयोगाचा फरक घेतला, प्लॉट घेतला, त्या प्लॉटची मोजणी पाहायला माझीच गाडी अर्धा तास उन्हात उभी केली. अडचण असती तर मी एक शब्द बोललो नसतो. याच गाडीत एकाचा पगार चार महिने अडकला होता, त्याला मी कधी विचारलं नाही, आणि त्याने पैसे आल्या दिवशी न मागता सगळे फोनपे केले. तुम्हाला अडचण नाही, तुम्हाला सवय आहे. लोकांना चौकात ताटकळत ठेवायची, लोकांच्या पायावर खत ठेवायची, लोकांच्या पेट्रोलवर मोठेपणा मिरवायची.

गाडी सोमवारपासून आठ चाळीसला आर्णी नाक्यावरून निघेल, कोणासाठीही थांबणार नाही. खत ट्रॅक्टरने न्यावं. तीन महिन्यांचे पैसे रविवारी रात्रीपर्यंत यावेत, पण सीटचं विचारू नका. नवीन तलाठी मॅडम विचारून गेल्या होत्या, त्यांना मी हो म्हणून टाकलं आहे.