पन्नास हजाराचा ब्लेंडर घेतला की मिक्सर भंगारात? जरा थांबा

सध्या आमच्या जुळे सोलापूरच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. त्यात म्हटलंय की भारीतला इम्पोर्टेड ब्लेंडर एकदा घ्या आणि घरातला मिक्सर, वेट ग्राइंडर, उखळ, खलबत्ता सगळं काढून टाका. 3 हॉर्सपॉवरची मोटर, शेंगाचटणीपासून इडलीच्या पिठापर्यंत सगळं एकाच जारमध्ये, सूप गॅस न पेटवता आतच गरम होतं, फळं-भाज्यांमधली ताकद पाचपट मिळते, मशीन स्वतःच स्वतःला धुतं, आणि पन्नास हजार गेले तरी पंचवीस वर्षं परत बघायला नको. खाली ईएमआयचा हिशोब पण दिलाय. ओळखीच्या एका घरात तर जुना मिक्सर कुणाला द्यायचा इथपर्यंत बोलणं गेलंय, म्हणून हे लिहायला बसले.

मशीन वाईट आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही. जे काम करायला ते बनलंय ते काम ते फार सुंदर करतं. पण ते काम म्हणजे भरपूर पातळ पदार्थ एकदम बारीक करणं, आणि आपल्याकडचं रोजचं काम बहुतेक कोरडं, थोडं आणि जाडसर असतं. मेसेजमधल्या सगळ्या चुका इथूनच सुरू होतात.

शेंगाचटणीपासूनच घेऊया, कारण सोलापुरात दुसरं काही आधी घेणं बरोबर नाही. होटगी रोडला माझ्या मावसबहिणीकडे असा दोन लिटरचा ब्लेंडर आहे, तिच्याकडे मी हे स्वतः करून बघितलंय. शेंगा भाजलेल्या, फोलपटं काढलेली, लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ, सगळं नेहमीच्या मापानं. चालू केल्यावर पहिले काही सेकंद छान वाटलं, मग आवाज बदलला. खालच्या शेंगांचा लगदा होऊन तो पात्याखाली चिकटून बसला, वरच्या शेंगा भिंतीला लागून नुसत्या उड्या मारतायत, आणि मधे पात्याभोवती पोकळी, म्हणजे पातं हवेतच फिरतंय. सोबत जो प्लास्टिकचा दांडा येतो त्यानं ढकलत राहिलो तर सगळं खाली गेलं खरं, पण उघडून बघितलं तर चटणी नाही, पीनट बटर. हाताला गरम लागत होतं आणि लसणाचा वास उग्र झाला होता. ब्रेडला लावायला चांगलं आहे हो, पण कडक भाकरीवर चुरून खायची चटणी ती नव्हे.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. या ब्लेंडरचा जार उंच आणि खाली निमुळता असतो. पातळ पदार्थ भिंतीनं वर चढतो, मधून परत पात्यावर पडतो, असा भोवरा फिरत राहतो आणि म्हणूनच स्मूदी एवढी मऊ होते. पातळ काही नसेल तर भोवराच होत नाही. आपल्या मिक्सरचा चटणी जार मात्र बसका, पातं तळाला लागून, झाकण जवळ, त्यामुळे उडालेला दाणा लगेच परत पात्यावर येतो, आणि आपण चालू-बंद, चालू-बंद करून पाहिजे तिथं थांबवू शकतो. उखळात तर पातंच नाही. मुसळ पडतं, दाबतं, शेंगदाण्याचं तेल हळूहळू सुटतं, लसूण त्यात चेचला जातो आणि दाणा थोडा थोडा राहतो. व्हायटामिक्ससारख्या कंपन्या कोरडं दळायला वेगळा जार विकतात, त्याच्या पात्यांची घडण पण वेगळी असते. एका जारमध्ये सगळं होत असतं तर त्यांना हा दुसरा जार काढायची गरजच काय होती?

आणि प्रमाण! मेसेज लिहिणाऱ्यानं हा विषयच घेतलेला नाही. आपल्याला सकाळी लागतात चार मिरच्या, पाच-सहा लसणाच्या पाकळ्या, थोडी कोथिंबीर, चमचाभर जिरं. दोन लिटरच्या जारमध्ये हे टाकलं की पात्याखालीच जाऊन बसतं, काहीच होत नाही, मग पाणी घालायचं, मग वाटण पातळ होतं आणि फोडणीत टाकलं की तडतड उडतं. काही ब्रँडचे छोटे कप मिळतात वेगळे, पण त्याचे पैसे पण वेगळे. येसर किंवा काळा मसाला वर्षाचा करायचा असेल तर तुम्ही तसंही कांडपवर नेणार, आणि महिन्यापुरता केला तर साध्या मिक्सरचा मधला जार पुरतो. शिवाय ओल्या कामाच्या प्लास्टिक जारमध्ये खडा मसाला फिरवला की आतून ओरखडे येऊन जार धुरकट होतो, हळद-लवंगेचा वास झाकणाच्या रबरात बसतो तो जाता जात नाही, दुसऱ्या दिवशीच्या केळ्याच्या शेकला पण येतो.

यात एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1960 च्या दशकात सत्यप्रकाश माथुर म्हणून सीमेन्समध्ये इंजिनीअर होते, त्यांच्या घरी जर्मन मिक्सर होता, तो त्यांच्या पत्नी माधुरीबाईंच्या स्वयंपाकघरातल्या कामानं जळाला. मशीन खराब होतं म्हणून नाही, आपल्याकडे जे कडक, कोरडं, चिवट दळायचं असतं त्यासाठी ते बनलेलंच नव्हतं. मग माथुरांनी 500 वॅटची दणकट मोटर घेऊन इथल्या कामासाठी मिक्सर बनवला, तोच पुढे सुमीत नावानं घराघरात गेला. म्हणजे ज्या मिक्सरला हा मेसेज भंगार म्हणतोय तो आपल्याच स्वयंपाकाचा विचार करून घडवलेला आहे.

आता 3 हॉर्सपॉवर. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट, म्हणजे 3 चे झाले 2238 वॅट. अमेरिकेत, जिथं ही मशीनं सगळ्यात जास्त विकली जातात, तिथं घरातला नेहमीचा सॉकेट 120 व्होल्ट आणि 15 अँपिअरचा, त्यातून जास्तीत जास्त 1800 वॅट मिळतात. म्हणजे तिथल्या प्लगातून ते 2238 वॅट सलग ओढणं शक्यच नाही. जाहिरातीतला आकडा ‘पीक’चा असतो, मोटर क्षणभर जो जोर दाखवते त्याचा. खरा आकडा मशीनच्या बुडाखाली चिकटवलेल्या पट्टीवर असतो, तो वाचा, या वर्गातल्या मशीनवर बहुतेक वेळा बाराशे ते पंधराशे वॅटच्या आसपास दिसेल. आपला 750 वॅटचा मिक्सर म्हणजे एक हॉर्सपॉवर, तेव्हा फरक आहे, पण मेसेजमध्ये दाखवलाय तेवढा नाही.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते, ओट्यावरचा छोटा सॉकेट 6 अँपिअरचा असतो, 230 व्होल्टला त्याचे 1380 वॅटच होतात. त्यावर असं मशीन रोज चालवू नका, फ्रिज-गिझरला असतो तसा 16 अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो. जुन्या घरांत, पेठांमधल्या वाड्यांत ओट्याजवळ तो नसतोच, इलेक्ट्रिशियनला बोलवून वेगळी वायर ओढून घ्यायला लागते, तो खर्च पण धरा. कुणाचा मुलगा अमेरिकेतून येताना बॅगेत घालून आणणार असेल तर अजून एक, तिकडचं 120 व्होल्टचं मशीन इकडे सरळ लावलं तर जळणार. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही दोन हजार वॅट झेपणारा, तो चांगलाच जड येतो आणि ओट्यावर जागा खातो. वॉरंटी पण सहसा ज्या देशात घेतलं तिथलीच.

इडलीच्या पिठाबद्दल आमच्या पूर्व भागातल्या कुठल्याही तेलुगू घरात विचारा. उडीद वाटताना दोन गोष्टी सांभाळायच्या असतात, पीठ गार राहिलं पाहिजे आणि त्यात हवा भरली पाहिजे. दगडाचा ग्राइंडर सावकाश फिरतो त्यामुळे दोन्ही होतं. पात्याचं मशीन जितकं जोरात फिरेल तितकं पीठ तापणार, आणि जास्त तापलं तर आंबवणारे जंतूच मरतात. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा 42-43 वर असतो, टाकीचं पाणीच गरम येतं, तेव्हा बर्फाचं पाणी घालून थोडं थोडं वाटलं तर ब्लेंडरमध्ये पीठ होतं, नाही असं नाही. पण ‘वेट ग्राइंडर काढून टाका’ हे मात्र पूर्ण चूक. कोइम्बतूरच्या वेट ग्राइंडरला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय ते काय उगाच नाही.

सूपचं मात्र खरं आहे, अर्धं. पातं पातळ पदार्थात सहा-सात मिनिटं पूर्ण वेगानं फिरलं की घर्षणानं ते वाफाळेपर्यंत तापतं, शिजवलेल्या टोमॅटो-गाजराचं सूप करायला हे मस्त. पण तापणं वेगळं आणि शिजणं वेगळं. कच्ची तूरडाळ टाकून आमटी होईल असं समजून कुणी बसू नका. आणि राजमा, घेवड्यासारखे दाणे तर कच्चे घालूच नका, त्यात जो विषारी घटक असतो तो नुसत्या गरम होण्यानं जात नाही, भिजवून खळाखळा उकळावंच लागतं. लहान मुलांना, म्हाताऱ्या माणसांना बारीक करून देताना हे लक्षात ठेवा, मेसेजमधली ही ओळ मला सगळ्यात धोक्याची वाटली. एक फायदा मात्र मान्य करते, यांच्या झाकणाला वाफ जायला वाट ठेवलेली असते. आपल्या मिक्सरच्या घट्ट जारमध्ये उकळतं सूप फिरवलं तर वाफेनं झाकण उडून भाजायची भीती असते.

पाचपट ताकद. कुठून आला हा आकडा? बारीक केल्यानं भाजीच्या पेशी फुटतात आणि गाजरातलं केरोटीन वगैरे थोडं जास्त अंगी लागतं, इतपत बरोबर आहे. पण पालकात जे आहे त्यापेक्षा जास्त मशीन कुठून आणणार? जवसाचं उदाहरण घ्या, अख्खं जवस तसंच बाहेर पडतं, कुटलं तरच उपयोग. पण त्यासाठी तुमच्या आजीचा खलबत्ता पुरला, आपल्याकडे जवसाची, कारळ्याची चटणी पिढ्यान्पिढ्या होतेच आहे. आणि डाळिंब! राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 पासून आपल्या सोलापुरात आहे, डाळिंब आपल्या घरचं फळ. त्याचे दाणे या ब्लेंडरमध्ये पूर्ण वेगानं फिरवून बघा, आतली बी भरडली जाते, रस गढूळ होतो, तुरट लागतो आणि घशाला खरखरतो. साध्या मिक्सरच्या गाळणीवाल्या जारमध्ये दोन झटके दिले की दाणा फुटतो, बी अख्खी राहते, रस लालभडक. इथं जोर कमी असणंच चांगलं आहे.

धुण्याचं थोडक्यात. कोमट पाणी, थेंबभर लिक्विड, मिनिटभर फिरवलं की स्मूदीचा जार स्वच्छ निघतो, खरंय. पण शेंगदाण्याचा नाहीतर खोबऱ्याचा तेलकट लगदा पात्याखाली अडकलेला असतो तो असा निघत नाही, बऱ्याच जारचं पातं काढता येत नाही, हात खाली पोचत नाही, मग ब्रशनं खरवडत बसायचं आणि चार-पाच पाणी बदलायचं. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही हे वेगळं सांगायला नको.

राहता राहिली पंचवीस वर्षं. ही मशीनं टिकतात, हे मी मनापासून सांगते. व्हायटामिक्स कंपनी 1921 पासूनची आहे, 1949 मध्ये त्यांनी टीव्हीवर मशीनची जाहिरात केली होती, आणि काही मॉडेलना तिकडे सात-दहा वर्षांची वॉरंटी मिळते. पण वॉरंटी दहा वर्षांची असली तरी पंचवीस वर्षांची ग्वाही कुणी दिलेली नाही. आणि टिकणं म्हणजे नुसती मोटर नव्हे. मिक्सरचा कपलर गेला, कार्बन ब्रश झिजले, बुश गेलं, तर नवी पेठेत नेऊन टाकायचं, बहुतेक वेळा त्याच दिवशी हातात, किरकोळ पैशात. पात्याला धार लावून मिळते. इम्पोर्टेड मशीनचा जारच गेला तर तो कुठून, किती दिवसांनी, कितीला येणार हे आधी विचारा, सर्व्हिस सेंटर सोलापुरात आहे की खोक्यात भरून पुण्या-मुंबईला पाठवायचं ते पण लेखी घ्या.

मग घ्यायचा कुणी? ज्यांच्या घरी रोज चार-पाच जणांची स्मूदी होते, बदामाचं दूध करतात, गोठवलेली फळं फिरवतात, घरात कुणी आजारी आहे आणि प्रत्येक जेवण एकदम गुळगुळीत करूनच द्यायला लागतं, किंवा घरगुती ज्यूसचा व्यवसाय आहे, त्यांनी जरूर घ्यावा. त्यांना यापेक्षा चांगलं दुसरं मिळणार नाही, आणि मी त्यांना साधा मिक्सर घ्या असं सांगणार नाही. बाकीच्यांनी 750 वॅटचा चांगला मिक्सर, तीन जार, एक गाळणीवाला, आणि जमलं तर टेबलटॉप वेट ग्राइंडर, एवढ्यात ईएमआय न लावता सगळं भागतं.

तरी मन होत असेल तर दुकानात जाताना घरून वाटीभर भाजलेल्या शेंगा, लसूण आणि तिखट डब्यात घेऊन जा. ते लोक डेमोला नेहमी केळं, बर्फ आणि दूधच घेतात, त्यात कुठलंही मशीन छान दिसतं. त्यांना म्हणा, दादा, याची चटणी करून दाखवा, पाणी न घालता, आणि झाल्यावर जार आमच्यासमोर धुवा.