‘पुस्तक उघडा’ म्हणणाऱ्या साहेबांना उत्तर

गच्चीवरच्या पंपाची थरथर स्लॅबपर्यंत पोचू नये म्हणून डॅम्पिंग (हालचालीची ऊर्जा शोषून थरथर विझवणं) वाढवू नका, असं मी लेखात म्हटलं होतं. त्याखाली आलेली प्रतिक्रिया आधी देतो: “कंपन कमी करायचं तर डॅम्पिंग वाढवायचं, हे डिप्लोमाच्या पोरालाही कळतं. लेखक उलटं सांगतात. स्प्रिंगवरचा पंप सुरू-बंद होताना नाचतो, त्यावर अवाक्षर नाही. धक्का आणि कंपन यांत गल्लत आहे. रबर काही वर्षांत कडक होतं, तेही नाही. लिहिण्याआधी पुस्तक उघडायला हवं होतं.”

नमस्कार. नावाच्या जागी आपण ‘मेकॅनिकल इंजिनिअर’ एवढंच लिहिलंत, म्हणून साहेब म्हणतो. साहेब, मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘डिप्लोमाचं पोर’ कशाला? मी डिप्लोमावालाच आहे. भोसरीत मेंटेनन्सला उमेदीची वर्षं काढली. मशीनखाली आडवं पडून शिम (पातळी जुळवायच्या पातळ पट्ट्या) सरकवणारे आम्ही सगळे डिप्लोमा नाहीतर आयटीआयवाले होतो, आणि डिग्रीवाले ड्रॉइंग धरून उभे असत. असो. (हे ‘असो’ मनापासून नाही.)

आता डॅम्पिंग. पंप १४४० आरपीएमचा, म्हणजे सेकंदाला २४ फेरे. त्याच्या वजनाने खालच्या स्प्रिंग ११ मिलिमीटर दबल्या, तर त्या बैठकीची स्वतःची वारंवारता, म्हणजे ढकलून सोडली तर ती सेकंदाला जितक्यांदा हलेल तो आकडा, येते पावणेपाच हर्ट्झच्या आसपास. दोन्हींचं गुणोत्तर ५. डॅम्पिंग जवळजवळ नसेल, तर रोटरच्या असमतोलामुळे तयार होणाऱ्या बलापैकी स्लॅबपर्यंत पोचतं साधारण ४ टक्के. आता आपलं ऐकून डॅम्पिंग क्रिटिकलच्या (ज्याला हालचाल झोके न घेता थांबते, त्या डॅम्पिंगच्या) ३० टक्के करू. पोचतं १३ टक्के. तिप्पट! कारण डॅम्परचं दुसरं टोक स्लॅबवरच टेकलेलं असतं. पंप जितक्या वेगाने थरथरेल, तितका जोर तो खाली लावणार. गुणोत्तर १.४१ च्या खाली असेल तर डॅम्पिंग उपकारच करतं. वर गेलं की तेच आडवं येतं. आणि मुळात माउंटचा (पंपाखालच्या स्प्रिंग किंवा रबराच्या बैठकीचा) फायदाच १.४१ च्या पुढे सुरू होतो. त्याच्या अलीकडे माउंट टाकून स्लॅब जास्त हलतो, १ च्या जवळ तर विचारू नका. हा आलेख कंपनशास्त्राच्या पुस्तकात अगदी सुरुवातीला भेटतो. माझ्या पुस्तकात ते पान दुमडलेलं आहे.

पुस्तक नको असेल तर अनुभव घ्या. आमच्याकडे वरच्या मजल्यावर ब्लोअर होता आणि बरोब्बर खाली डिझाइनचं ऑफिस. एका सल्लागाराने जाडजूड रबराचे पॅड सुचवले, “डॅम्पिंग भरपूर” म्हणून. वर बोल्ट असे करकचून आवळले की पॅडला हलायलाच जागा उरली नाही. खाली टेबलं थरथरतच राहिली. शेवटी आम्ही, म्हणजे डिप्लोमाच्या पोरांनी, मऊ स्प्रिंग लावल्या आणि डक्टला कॅनव्हासचा जोड दिला. त्यानंतर डिझाइनवाल्यांचा फोन आला नाही. सल्लागाराचं बिल मात्र आलं.

रबराचं म्हणणं मान्य. उन्हात ते लवकर कडक होतं आणि बैठकीची वारंवारता वर चढते. ही ओळ लेखात घालतो. बघा, एवढा मोकळा मी आहे.

सुरू-बंद होताना नाचण्याचं म्हणाल, तर पंपाचा वेग बैठकीच्या स्वतःच्या वारंवारतेशी जुळतो ती अवस्था, म्हणजे रेझोनन्स, काही सेकंदांत पार होते. पाइपला लवचिक जोड आणि बाजूला स्टॉपर दिले की झालं. तेवढ्यापुरतं थोडं डॅम्पिंग लागतं, हे मला ठाऊक नाही असं आपण कसं धरलंत? धक्क्याचं गणित वेगळं: तिथे माउंट धक्क्याची ऊर्जा पटकन साठवून सावकाश सोडतं, म्हणून त्याला दबायला भरपूर जागा लागते. पण लेख पंपाचा होता. पंपावर कुणी हातोडा मारत बसत नाही.

पुन्हा लिहाल तेव्हा आपल्या पंपाचे आरपीएम आणि माउंट किती मिलिमीटर दबतं, हे दोन आकडे लिहा. बाकीचा हिशोब मी करून देतो. आकडे नसतील तर निदान नाव तरी लिहा.