फोम जाड केला म्हणून टाकी थंड राहत नाही

"डेटाशीटवरचा उष्णतावाहकतेचा आकडा घ्या, त्यावरून फोमची जाडी काढा, कमी पडलं तर थर वाढवा. थंडीत फोम उलट सुधारतोच." द्रवरूप हायड्रोजनच्या टाक्यांबद्दल हे विधान बरंच फिरतंय. त्यातलं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून बाकीचंही खपून जातं.

पॉलियुरेथेन फोमचा तो आकडा, मीटर-केल्विनला साधारण 0.025 वॅट, खोलीच्या आसपासच्या तापमानाला मोजलेला असतो. फोमच्या बंद कप्प्यांत जड वायू भरलेला असतो. गारठा वाढला की तो कप्प्यातच द्रव होऊ लागतो, आणि त्या टप्प्यात वाहकता घटायची सोडून थोडी वाढते. मग पुन्हा उतरते. एकच आकडा धरणाऱ्याला हा उंचवटा दिसणार कुठून?

खरी गोम पुढे आहे. हायड्रोजन उकळतो 20 केल्विनला, म्हणजे उणे 253 अंश सेल्सिअसला. ऑक्सिजन 90 आणि नायट्रोजन 77 केल्विनलाच द्रव होतात. फोमला टाकीच्या पत्र्यापर्यंत तडा गेला की हवा आत शिरते, पत्र्याला लागून द्रव होते, रिकाम्या जागेत आणखी हवा ओढली जाते. या द्रवात ऑक्सिजनचं प्रमाण हवेपेक्षा जास्त, म्हणजे आगीला आमंत्रणच. टाकी तापली की तोच द्रव उकळून फोम आतून उचकटतो. इथे जाडी काय करणार? ॲल्युमिनियम एवढं गार होताना मीटरमागे सुमारे 4 मिलिमीटर आखडतं, नुसता फोम त्याहून जास्त. फोममध्ये काचतंतू घालतात ते या ताणासाठी. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न 5 रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यात तर असा तंतुमय फोम टाकीच्या आतून बसवला होता.

"थर वाढवा" हा सल्ला बहुथरी आवरणालाही लावला जातो: ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेली फिल्म, मध्ये जाळी, पुन्हा फिल्म. सेंटिमीटरला वीस-तीस थरांच्या पुढे दाबून बसवले की थर एकमेकांना टेकतात आणि उष्णता थेट घन मार्गाने जाते. गरम बाजूच्या फिल्मची कड थंड नळीला चिकटली तरी तेच. शिवाय हे सगळं चांगल्या निर्वातातच. निर्वात गेला की हे आवरण साध्या फोमच्या पंगतीत.

4.2 केल्विनच्या हेलियमसाठी म्हणूनच नुसते थर न वाढवता मध्ये 77 केल्विनचं कवच घालतात. प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपाने येणारी उष्णता, तापमानाच्या चौथ्या घाताने बदलतं, त्यामुळे 300 ऐवजी 77 केल्विनचा पृष्ठभाग समोर आला की ते सुमारे 230 पट घटतं. मग हिशेब उरतो मुख्यतः टाकीच्या आधारांतून आणि नळ्यांतून येणाऱ्या उष्णतेचा.